होकारार्थी पृथ्वी

"ह्या गाडीला अर्थच न्हाई, साहेब."

मिस्त्रींचा आवाज गाडीखालून आला. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते, हातात चहाचा ट्रे. बाबा बोनेटवर वाकून उभे होते. ते हसले आणि म्हणाले, "मग आता?" मिस्त्रींनी त्यावर काय उत्तर दिलं ते मी ऐकलंच नाही. ट्रे पाण्याच्या मीटरच्या पेटीवर ठेवला आणि दोन दोन पायऱ्या चढत घरी आले.

"दिलास चहा?" आईने विचारलं.

मी मान हलवली. आई पोळ्या लाटत होती. तिचा आणि गाडीचा संबंध एका वाक्यापुरता होता आणि ते वाक्य ती दिवसातून एकदा तरी म्हणायची : "घरातला मिक्सर तीन महिने बंद आहे, तो नाही हो कुणी खाली नेऊन खोलत."

मी खिडकीत जाऊन उभी राहिले. चौथ्या मजल्यावरून पार्किंगचा कोपरा दिसायचा आणि त्या कोपऱ्यातून गाडीचं हिरवं नाक बाहेर आलेलं दिसायचं. मला भयंकर राग आला होता. इतकी गोड गाडी, आणि तिला अर्थ नाही? मग हा माणूस दर रविवारी येतो कशाला? आणि बाबा हसले कसे?

गाडी आणून तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

बाबा नव्या शहराची आखणी करणाऱ्या कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. नेरूळ, वाशी, बेलापूरचे किती तरी रस्ते त्यांनी आधी कागदावर काढले होते आणि मग त्याच रस्त्यांवरून ते बसने कामाला जायचे. स्वतःची गाडी असावी असं ते कधी बोलले नव्हते. बोलायचे तरी किती? आमच्या घरात गप्प बसण्याचं वळण त्यांच्याकडूनच आलं होतं. एका शनिवारी खाडीकडच्या गावात हद्दीच्या मोजणीसाठी ते गेले आणि संध्याकाळी घरी येऊन बूट न काढताच म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर येतेस? एक वस्तू दाखवायची आहे."

ती वस्तू एका जुन्या घराच्या पडवीत होती. दोन सीटची, कापडी छपराची, इतकी बुटकी की तिचं दार माझ्या गुडघ्याच्या जरासंच वर येत होतं. छपराच्या चिंध्या झाल्या होत्या, एक दिवा फुटला होता, टायर मातीला चिकटून बसले होते आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसली होती. घरमालकांचे वडील मिठागरावर मुकादम होते. मिठागराचा शेठ मुंबईहून ह्या गाडीतून यायचा. एकदा ती बंद पडली म्हणून इथे ठेवून गेला, पुढे शेठ यायचा थांबला, मिठागरही गेलं. गाडी मात्र राहिली.

"कोंबऱ्या अंडी घालतान तेच्यान," घरमालक म्हणाले. "न्यायची त न्या. आमाला बंगला बांधाचा हाय, जागा पायजे."

बाबांनी हात लावताच कोंबडी उठली. खाली एक अंडं होतं. बाबांनी ते उचलून अदबीने मालकांपुढे धरलं.

"ऱ्हाऊं दे," ते म्हणाले, "गारीला पेट्रोल व्हईल."

गाडी टेम्पोत चढवायची कशी ह्याची बाबांना काळजी होती. दोरखंड, फळ्या, कप्पी असं सगळं त्यांनी कागदावर काढून आणलं होतं. मालकांनी कागद पाहिला, घडी करून बाबांच्या खिशात परत ठेवला आणि शेजारच्या घरांकडे तोंड करून हाक मारली. सहा माणसं आली. त्यांनी गाडीखाली दोन बांबू घातले, होडी पाण्यात ढकलताना देतात तसा एक लांब हेल काढला, आणि गाडी उचलली. सरळ उचलली. मला वाटलं होतं लोखंड आहे, कण्हतील, थांबतील. त्यांतला एक तर हसायलाच लागला. "आरं, ही गारी हाय का टोपली?"

ती टोपली अधांतरी तरंगत पडवीतून बाहेर आली तेव्हा मी आपोआप तिच्यामागे चालायला लागले. इतकी हलकी वस्तू जर चालायला लागली तर ती कशी पळेल, हा विचार त्या क्षणी जो डोक्यात शिरला तो पुढचे पाच महिने निघाला नाही.

सीटची गादी काढली तेव्हा तिच्याखाली मेणकापडात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक निघालं. गाडी दुरुस्तीचं, इंग्रजीत. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. बाबांनी ते माझ्या हातात दिलं. "हे तुझं खातं," म्हणाले.

सोसायटीत अर्थातच बोलणं सुरू झालं. आमच्या पार्किंगमध्ये तेव्हा चार स्कूटर आणि दोन मोटारी होत्या, जागा ओस पडलेली होती, पण प्रश्न जागेचा नव्हताच. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी येता-जाता विचारायचे, "काय साहेब, म्युझियमचं उद्घाटन कधी?" मग गच्चीवरच्या मीटिंगमध्ये तो विषय रीतसर निघाला. सेक्रेटरी म्हणाले, "टेन्शन नका घेऊ, पण उद्या प्रत्येक जण भंगार आणून ठेवेल. सोसायटी आहे, यार्ड नाही."

बाबा उठून उभे राहिले. मीटिंगमध्ये ते कधीच बोलत नसत. मी टाकीजवळ बायकांच्या मागे बसले होते. ते म्हणाले, "दसऱ्याला ही गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर जाईल. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी मीच भंगारवाल्याला बोलावतो." आणि खाली बसले. त्यांचे कान लाल झाले होते. माझे पण.

म्हणजे दसरा ही आमची शेवटची तारीख ठरली, आणि जून तर निम्मा संपलाच होता.

मिस्त्री म्हणजे साताऱ्याकडचे, सरकारी बसच्या डेपोत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ. जुईनगरला मुलाकडे राहायचे. सुनेच्या राज्यात रविवार जाता जात नाही म्हणून येतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आयुष्यभर त्यांनी बस उघडल्या होत्या, त्यामुळे आमच्या गाडीचं बोनेट उघडून ते बराच वेळ आत बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात इंजिन हाय व्हय? मला वाटलं, शिलाई मशीन." इंजिनाला दोन कार्बोरेटर आहेत हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "दोन बायका, फजिती ऐका."

मला ते ताई म्हणायचे. रागावले की ताईसाहेब. मी त्यांना उत्तरं द्यायचे ती मानेने. शाळा माझी इंग्रजी माध्यमाची, कॉलेज वाशीला, तिथेही इंग्रजी साहित्य. मराठी घरची होती, पण ती घरापुरती. बाहेर मराठी बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवायचे, लिंग-वचन तपासायचे, आणि तोवर समोरची माणसं पुढच्या विषयावर गेलेली असायची. मग ते तपासलेलं वाक्य तसंच राहायचं. अशी कितीतरी वाक्यं माझ्याजवळ साठली होती.

पण हात चालायचे. गाडीचा एकेक भाग निघाला की तो मी घासलेटने धुवायचे, नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचे आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवायचे. पहिल्या चिठ्ठ्या मी इंग्रजीत लिहिल्या. मिस्त्रींना इंग्रजी वाचता येत नाही हे मला तिसऱ्या रविवारी कळलं, तेसुद्धा त्यांनी उजव्या चाकाचे नट डाव्या चाकाला लावून जोर करून आटे खराब केल्यावर. ह्या गाडीच्या एका बाजूचे आटे उलटे होते. ते डबा हातात धरून चिठ्ठीकडे पाहत राहिले. त्या रात्री मी सगळ्या चिठ्ठ्या मराठीत केल्या. पुढच्या रविवारी त्यांनी एकेक डबा उचलून मोठ्याने वाचला. "पुढचं डावं. मागचं ऊजवं. ताई, उजव्याला पहिला उ." मी पेन आणून ऱ्हस्व केला. मला लाज वाटली नाही ह्याचंच आश्चर्य वाटलं.

आणि मग त्याच दिवशी दुपारी ते चहाच्या वेळचं वाक्य. ह्या गाडीला अर्थच नाही.

दोन दिवस मी खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, बरं, अर्थ नाही ना? मग मी लावून दाखवते. फुलस्केप वही आणली, शब्दकोश घेतला आणि ते जाड पुस्तक मराठीत लिहायला बसले. सगळं नाही, कामाचं तेवढं. कॉलेजातून आले की रोज चार पानं. 'हा नट तीन वेळा ढिला करून मग काढावा.' 'स्प्रिंग उडते, तोंड लांब ठेवावे.' पुस्तकाचा सूर मला आवडायचा. ते कधी घाबरत नव्हतं, कधी घाई करत नव्हतं, वाचणाऱ्याला येईल असं धरून चालायचं. आणि प्रत्येक कामाच्या शेवटी सांगायचं की जोडताना उलट्या क्रमाने जा.

वही मी मिस्त्रींच्या हातात दिली नाही. त्यांच्या पान्यांच्या पेटीवर ठेवली आणि खांबामागे उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग बाबांना म्हणाले, "साहेब, ही तर पोथी झाली."

तेव्हापासून तिचं नाव पोथी. दर रविवारी नऊ वाजता मिस्त्री हात पुसून, उपरण्यासारखं फडकं खांद्यावर टाकून म्हणायचे, "काढा पोथी. आजचा अध्याय?" आणि मोठ्याने वाचायचे. बाबा ऐकायचे, मी ऐकायचे, स्कूटर पुसायला आलेला एखादा शेजारी ऐकायचा. मी लिहिलेली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून, सातारी हेलात, पार्किंगच्या खांबांमधून घुमत यायची. मला ती माझी वाटायची नाहीत आणि माझीच वाटायची.

जुलैत इंजिन सुटलं. ते घट्ट बसलेलं होतं. पोथीतल्या सूचनेप्रमाणे प्लगच्या भोकांतून तेल ओतून आम्ही आठ दिवस थांबलो. रोज संध्याकाळी बाबा बसमधून उतरले की घरी न येता आधी तिथे जायचे, पुढच्या भोकात हँडल घालून हलकेच दाबून बघायचे. नवव्या दिवशी मी त्यांच्या शेजारी होते. हँडल सरकलं. अगदी बोटभर. आतून ओलसर असा एक आवाज आला, कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हँडल माझ्या हातात दिलं. मी दाबलं. आणखी बोटभर. आम्ही दोघं तिथे काळोख पडेपर्यंत बोटबोट हँडल फिरवत बसलो आणि जेवायला बोलवायला आलेली आई आमचे काळे हात पाहून परत गेली. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. हातात मिक्सर होता. तो तिने पान्यांच्या पेटीवर ठेवला आणि गेली. तो मिक्सर मी त्याच आठवड्यात चालू केला. कार्बन ब्रश झिजले होते.

गणपती झाल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. डायनामो आणि त्याचा नियंत्रणाचा डबा तेव्हा दुरुस्तीसाठी बाहेर काढलेला होता. मिस्त्रींनी कुठूनशी एक बॅटरी आणली होती, तात्पुरत्या दोन वायरी जोडल्या होत्या. वायरी कुठे जोडल्या ते मी पाहिलं नाही, कारण मला त्या दिवशी दुसरं काम होतं. दोन कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही हे ओळखायला पुस्तकात उपाय दिला होता : रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी, आणि सुस्कारा ऐकायचा. दोन्हींचा सुस्कारा सारखा आला पाहिजे.

मिस्त्रींना एका कानाने कमी ऐकू यायचं. बाबांना दोन्ही आवाज एकच वाटले. नळी माझ्याकडे आली.

इंजिन धडधडत होतं, निळा धूर पार्किंगभर झाला होता, वरच्या मजल्यांवरून खिडक्या आपटत बंद होत होत्या, आणि मी डोळे मिटून नळी कानाला लावली. पुढचा कार्बोरेटर दम लागल्यासारखा ओढत होता. मागचा आळशी. मी बोटाने मागच्याकडे खूण केली. मिस्त्रींनी स्क्रू फिरवला. मी हाताने सांगितलं : अजून. अजून थोडं. थांबा, परत. एका जागी आल्यावर दोन्ही सुस्कारे एकमेकांत मिसळले आणि इंजिनाचा आवाज असा बदलला की वरून सेक्रेटरींनीही डोकं बाहेर काढलं. धडधड गेली. एक सलग, गोड गुरगुर उरली. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून मला सलाम केला. पुढे कित्येक वर्षं, ठाणे-बेलापूर रस्त्यावरून मी ती गाडी चालवायचे तेव्हाही, तो आवाज ऐकला की बोटं आपोआप उठायची.

इतकी वर्षं मी ऐकत आले होते ते कुठे तरी कामाला आलं, असं त्या दिवशी वाटलं.

आणि मग वायरिंगचा अध्याय आला.

पुस्तकातला तो भाग सगळ्यात अवघड. उंदरांनी जुन्या वायरी खाल्ल्या होत्या, त्यामुळे सगळं नव्याने करायचं होतं. अध्यायाच्या सुरुवातीला काळ्या चौकटीत एक इशारा होता. बॅटरी उलटी जोडली तर इंजिन सुरू झाल्यावर डायनामो आणि त्याचा डबा जळेल. त्या डब्याची सगळ्यांनाच धास्ती होती. बाबांनी मुंबईतल्या जुन्या बाजारांत तीन शनिवार घालवले होते आणि तसा दुसरा मिळाला नव्हता. मिस्त्रींनी तो उघडून आतलं टोक न् टोक घासून काढलं होतं आणि बजावलं होतं, "हा मेला तर गाडी मेली. ह्याला जगात भाऊ न्हाई."

म्हणून मी तो इशारा फार काळजीने लिहिला. चौकटीत दोन शब्द मोठ्या अक्षरांत होते. शब्दकोशात पहिल्या शब्दापुढे बरेच अर्थ होते. 'होकारार्थी' मला सगळ्यात भारदस्त वाटला. दुसरा शब्द तर बालवाडीपासून येत होता. मी लाल पेनाने लिहिलं : 'बॅटरी जोडताना नीट लक्ष द्यावे. ह्या गाडीची पृथ्वी होकारार्थी आहे.'

म्हणजे काय, ते मला कळलं नव्हतं. पण पुस्तकात होतं.

त्या रविवारी पार्किंगमध्ये गर्दी होती. इंजिन सुरू झाल्यापासून लोक बघायला येत. मिस्त्रींनी फडकं खांद्यावर टाकलं, चष्मा लावला आणि खड्या आवाजात वाचलं, "ह्या गाडीची पृथ्वी होकारार्थी आहे." थांबले. पुन्हा वाचलं. मग त्यांच्या पोटातून हसू सुरू झालं आणि ते थांबेना. सेक्रेटरी म्हणाले, "कॉन्व्हेंटचं मराठी आहे, मिस्त्री, तुम्हाला नाही कळणार." मिस्त्री डोळे पुसत म्हणाले, "कळलं की. पृथ्वी हो म्हणाली. आता लगीन लावून टाका." बाबाही हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. रस्ते काढणारा माणूस, वायरिंगमधलं त्यांना तरी कुठे काय कळत होतं?

मी हसले. हसून वर आले आणि ते पान वहीतून फाडलं.

त्यानंतर पोथी बंद पडली. मिस्त्रींनी आईजवळ निरोप दिला, "ताईला म्हणावं, पुढचा अध्याय राहिला." मी परीक्षेचं कारण सांगितलं. मिस्त्री म्हणाले म्हणे, वायरिंगला पोथी नको, तीस वर्षं तेच केलंय. दोन रविवार त्यांनी आणि बाबांनी मिळून वायरी ओढल्या, डायनामो आणि त्याचा डबा परत बसवला. मी खिडकीतून बघायचे. नवा रंग चढला होता, तोच जुना हिरवा. छपराचं कापड वाशीच्या एका शिंप्याने शिवलं होतं. चौथ्या मजल्यावरून ती पानावर बसलेल्या किड्यासारखी दिसायची, आता उडेल अशी, आणि मला खाली जायची इतकी इच्छा व्हायची की मी पडदा ओढून घ्यायचे.

दसऱ्याच्या सकाळी आईने ओवाळणीचं ताट हातात दिलं. "मी नैवेद्याचं बघते. तू जा खाली. गाडी तुझीपण आहे."

पार्किंग झेंडूने भरलं होतं. स्कूटरना हार, मोटारींना हार, हँडलला आपट्याच्या डहाळ्या. खाडीकडच्या गावातून ते घरमालकही आले होते, पांढरे कपडे घालून, चौघांना घेऊन. "नाय झाली चालू तर उचलून गेटभायेर ठेवू," ते बाबांना सांगत होते, "टोपलीच तर हाय." बाबा हसले, पण मी त्यांचे कान पाहिले. ते लाल होते.

सेक्रेटरी घड्याळ बघत होते. गेट उघडं होतं. मी पायरीवर थांबले, त्या दिवशीच्याच.

मिस्त्री गाडीत उलटे वाकले होते. सीटच्या मागच्या खणात नवी बॅटरी ठेवलेली होती आणि ते तिच्या वायरी जोडत होते. एक क्लॅम्प बसता बसत नव्हता. जाड, आखूड, पट्टीसारखी वायर थेट गाडीच्या पत्र्याला गेलेली. तिचा क्लॅम्प ते बॅटरीच्या ज्या टोकाला लावत होते तिथे तो सैल पडत होता. दुसरा क्लॅम्प दुसऱ्या टोकावर चढत नव्हता, म्हणून तो त्यांनी कानसीने घासून मोठा केला होता. बॅटरीची दोन टोकं सारख्या जाडीची नसतात, एक जाड असतं आणि एक बारीक, हे मी पुस्तकात वाचलं होतं. जोडणीच्या चित्रात ते दाखवलं होतं.

एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला घट्ट. जणू वायरी अदलाबदल मागत होत्या.

सेक्रेटरी नारळ घेऊन पुढे झाले. मिस्त्री आतूनच ओरडले, "नारळ थांबवा. आधी अर्थ देऊ द्या."

अर्थ देऊ द्या.

मी ताट धरून उभी होते. पान्याने अर्थ कसा देतात? मिस्त्रींच्या हातात ती पट्टीसारखी वायर होती, पत्र्याला, म्हणजे गाडीच्या अंगाला, म्हणजे... शाळेत प्लगची तिसरी पीन, अर्थिंगची. फिजिक्सच्या बाई. मिस्त्रींच्या तोंडचा अर्थ आणि माझ्या पुस्तकातला तो शब्द हे एकच होते. त्या दिवशी ते म्हणाले होते की गाडीला अर्थ नाही, म्हणजे ही वायर नाही, गंजून गेली आहे. आणि बाबांनी विचारलं होतं, मग आता? आणि ते नक्की म्हणाले असणार, देऊ की आपण.

आणि मी त्या शब्दाची पृथ्वी केली होती. होकारार्थी पृथ्वी. प्लस. प्लस बॉडीला. ते त्या चौकटीत स्वच्छ लिहिलेलं होतं, मी लाल पेनाने उतरवलेलं होतं, आणि ते पान वर माझ्या टेबलाच्या खणात होतं, फाडलेलं. होकारार्थी ह्या शब्दाच्या पोटातसुद्धा अर्थ बसलेला होता आणि इतके दिवस मला दिसला नव्हता.

मिस्त्रींच्या हातातली वायर मायनसला जात होती.

माझं काळीज कानात वाजायला लागलं. ते भीतीचं नव्हतं, किंवा नुसतं भीतीचं नव्हतं. सुस्कारे एकमेकांत मिसळले तेव्हा झालं होतं तसं होतं. मी ताट पायरीवर ठेवलं. माणसांमधून वाट काढली. कुणाचा तरी हार खांद्याला अडकून आला. मी गाडीत वाकले आणि बॅटरीवर तळहात ठेवला.

मिस्त्रींचा पाना हवेत थांबला. "काय झालं ताई?"

मी वाक्य जुळवायला लागले.

"हात काढ पोरी, शॉक न्हाई बसत त्याचा." ते मायेने बोलत होते. "त्या दिवशी अशीच लावली हुती. चाललं का न्हाई इंजिन?"

त्या दिवशी डायनामो जोडलेला नव्हता. त्या दिवशी तो डबाच गाडीत नव्हता. हे सगळं मला माहीत होतं आणि त्याचं वाक्य होत नव्हतं.

"अहो, मुहूर्त निघून चाललाय," सेक्रेटरी म्हणाले. "काय, पृथ्वी नाही म्हणते का आज?"

लोक हसले. गावाकडचे पाहुणे हसले नाहीत, त्यांना काही माहीत नव्हतं. बाबा गाडीच्या पलीकडे होते. ते माझ्याकडे पाहत होते, हँडल पहिल्यांदा सरकलं तेव्हा पाहिलं होतं तसे. त्यांनी हात वर केला आणि सेक्रेटरींना थांबवलं, आणि मग ते नुसते थांबले.

मी वाक्य तपासलं नाही.

"काका, हिला अर्थ आहे," मी म्हणाले. माझा आवाज खांबांमधून घुमला. "पण तो उलटा आहे. हिचा प्लस बॉडीला जातो."